चांदीपुरा : एका उपेक्षित विषाणूची कथा

रायपूरचा सदर बाजार ही छत्तीसगढमधील एक जुनी पेठ आहे. सराफी आणि कापडाच्या दुकानांसाठी ती प्रसिद्ध असून लग्नसराईच्या खरेदीसाठी शहरातील कुटुंबांबरोबर आसपासच्या खेड्यांतील माणसेही तेथे येतात. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणारा लोहमार्ग याच शहरावरून जातो. ज्या वाटांनी गिऱ्हाईक बाजारात येते, त्याच वाटांनी आजारी माणसेही उपचारासाठी शहरात येतात. त्यामुळे खेडोपाडी विखुरलेला, आणि म्हणूनच कोणाच्या फारसा ध्यानात न आलेला रोग पुष्कळदा अशा शहरातील रुग्णालयातच प्रथम वैद्यांच्या नजरेस पडतो.

१९८० साली रायपूर येथे असेच घडले. तेव्हा हे शहर मध्य प्रदेशात होते. मेंदूच्या तीव्र विकाराने आजारी झालेल्या येथील एका रुग्णाच्या रक्तातून एक विषाणू वेगळा करण्यात आला आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील संशोधकांच्या साहाय्याने त्याची ओळख पटली. हा विषाणू शास्त्राला नवा नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी नागपूर येथे तो सापडला होता आणि त्याला नावही मिळाले होते. परंतु मेंदूच्या घातक विकाराशी त्याचा संबंध असू शकतो, हे रायपूरच्या या रुग्णामुळे प्रथमच पुढे आले. १९८३ साली या शोधाचा वृत्तांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे महत्त्व पुरते कळावयास मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली, आणि ते कळले तेव्हा एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात शेकडो बालके दगावली होती.

नागपूरची साथ

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्याने १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. डास, गोचीड, वाळूमाशी अशा कीटकांच्या चाव्यातून पसरणारे विषाणू शोधून काढणे, हे या केंद्राचे प्रमुख कार्य होते. कर्नाटकातील क्यासनूर जंगलातील माकडतापाचा विषाणू १९५७ साली याच केंद्राने ओळखला. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले.

१९६५ साली नागपूर शहरात तापाची मोठी साथ आली. पुण्याच्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा या साथीचे मूळ चिकुनगुन्या आणि डेंग्यू या दोन विषाणूंत असल्याचे दिसून आले. तथापि दोन रुग्णांच्या रक्तात या दोहोंपेक्षा वेगळाच विषाणू आढळला. ज्ञात असलेल्या कोणत्याही विषाणूशी तो पूर्णपणे जुळेना. प्रवीण भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज या संशोधकांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नव्या विषाणूला तो जेथे सापडला त्या ठिकाणाचे नाव देण्याची त्या काळची प्रथा होती. तिला अनुसरून नागपूरकडील चांदीपुरा या वस्तीवरून याचे नाव ‘चांदीपुरा विषाणू’ असे ठेवण्यात आले.

पुढील तपासणीत एक लक्षणीय गोष्ट आढळली. कोणताही विषाणू शरीरात शिरला, की त्याच्याशी झुंजण्यासाठी रक्तात प्रतिपिंड नावाची विशिष्ट द्रव्ये तयार होतात आणि त्यांची खूण पुढे दीर्घकाळ राहते. चांदीपुरा विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड देशाच्या अनेक भागांतील माणसांच्या आणि पाळीव जनावरांच्या रक्तजलात मिळाले. म्हणजेच हा विषाणू नागपुरात कोठून तरी नुकताच आलेला नव्हता. तो देशात दूरवर पसरलेला होता आणि असंख्य लोकांना त्याचा संसर्ग नकळत होऊन गेला होता. इतक्या लोकांना होऊनही ज्याचा त्रास कोणाला जाणवला नाही, तो विषाणू निरुपद्रवीच असणार, असे समजणे त्या वेळी स्वाभाविक होते. ज्यांचा कोणत्याही ठराविक रोगाशी संबंध जोडता येत नाही अशा विषाणूंना शास्त्रज्ञ ‘अनाथ’ विषाणू म्हणत. चांदीपुरा विषाणूची गणना त्यांतच झाली.

विषाणूचे स्वरूप

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यास चांदीपुरा विषाणूचा कण बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो : एक टोक गोलसर आणि दुसरे सपाट. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून होणाऱ्या रेबीज रोगाचा विषाणूही याच कुलातील आहे. चांदीपुऱ्याचे अधिक जवळचे नातलग मात्र अमेरिका खंडात गुराघोड्यांच्या तोंडात फोड आणणारे विषाणू होत, आणि ते माणसाला क्वचितच गंभीर आजार देतात. विषाणूच्या पोटात आर.एन.ए. या द्रव्याचा एक धागा असतो. सुमारे अकरा हजार घटकांच्या या धाग्यावर केवळ पाच प्रथिनांची रचना लिहिलेली असते. एवढ्याशा सामग्रीच्या बळावर हा विषाणू पेशीत शिरतो, तिची यंत्रणा आपल्या कामाला जुंपतो आणि काही तासांतच स्वतःच्या असंख्य प्रती तयार करतो. रोगाचा वेग इतका भयानक का, याचे अंशतः उत्तर विषाणूच्या या झपाट्यात आहे.

२००३ चा पावसाळा

२००३ सालच्या जून ते ऑगस्ट या महिन्यांत तत्कालीन आंध्र प्रदेशात, विशेषतः आजच्या तेलंगणातील जिल्ह्यांत, मुलांमध्ये तीव्र मेंदूदाहाची साथ उद्भवली. आदल्या दिवशी खेळत असलेले मूल एकाएकी तापाने फणफणे. त्यास उलट्या होत, झटके येत, ते भान हरपे आणि पुष्कळदा अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्याचा अंत होई. या साथीत ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. शंभरांतील पंचावन्नांहून अधिक मुले वाचू शकली नाहीत.

प्रथम संशय आला तो जपानी मेंदूज्वराचा. भाताच्या खाचरांत वाढणाऱ्या डासांकडून पसरणारा हा रोग दक्षिण भारतात १९५५ पासून माहीत होता. परंतु तपासणीत त्याचा पुरावा मिळेना. पुण्याच्या संस्थेत आलेल्या नमुन्यांपैकी काहींतून एक विषाणू वाढविण्यात यश आले. सूक्ष्मदर्शकाखाली तो गोळीच्या आकाराचा दिसला. रुग्णांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध नुकतेच तयार झालेले प्रतिपिंड मिळाले आणि मेंदूच्या ऊतीतही त्याचा अंश आढळला. नागपूरच्या तापात सापडलेला आणि रायपूरच्या रुग्णात पुन्हा दिसलेला चांदीपुरा विषाणूच तो होता. हे निष्कर्ष २००४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले.

हे निदान सर्वांनी एकदम मान्य केले असे मात्र नाही. हा मेंदूचा दाह नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अडथळा आल्याने होणारा झटका आहे, असे मत काही वैद्यांनी मांडले. विषाणू सापडला एवढ्यावरून सर्व मृत्यूंचे कारण तोच, असे ठरत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. हा वाद उपयुक्त ठरला. कारण एखाद्या सूक्ष्म जीवाला रोगाचे कारण म्हणावयाचे, तर तो अनेक रुग्णांत, अनेक ठिकाणी, पुनःपुन्हा दिसला पाहिजे. पुढील वर्षांनी तो पुरावा दिला. २००४ साली गुजरातेतील वडोदरा भागात रोग प्रकटला. २००७ साली महाराष्ट्राच्या नागपूर विभागात ७८ मुले आजारी पडली आणि त्यांतील ३४ दगावली. ज्या प्रदेशात विषाणूला नाव मिळाले, तेथेच तो आता प्राणघातक रूपात दिसला.

त्यानंतरची सर्वांत मोठी साथ २०२४ साली आली. जून महिन्याच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत तीव्र मेंदूदाहाच्या २४५ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी ८२ मरण पावले. प्रयोगशाळेत चांदीपुरा विषाणूचा निर्णायक पुरावा मिळाला तो ६४ रुग्णांत. त्यांतील बहुतेक गुजरातमधील होते. या दोन आकड्यांतील फरक वाचकांनी ध्यानात घ्यावा. पहिला आकडा लक्षणांवरून मोजलेल्या सर्व रुग्णांचा आहे. दुसरा, ज्यांच्या शरीरात विषाणू असल्याचे सिद्ध झाले त्यांचा. उरलेल्यांपैकी कित्येकांचा आजार अन्य कारणांनी झाला असेल, तर कित्येकांचा नमुना उशिरा घेतल्यामुळे विषाणू हाती लागला नसेल.

वाळूमाशी

हा विषाणू माणसापर्यंत पोहोचविते ती वाळूमाशी. नावात माशी असली, तरी ती घरमाशीसारखी नसते. तिची लांबी अवघी दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे डासापेक्षाही पुष्कळ कमी. अंगावर बारीक केस असतात आणि बसताना पंख उभे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे पसरलेले राहतात. ती दूरवर उडत नाही. भिंतीवरून टुणटुण उड्या मारीत सरकते. नर वनस्पतींच्या रसावर जगतो. मादीला मात्र अंडी पक्व होण्यासाठी रक्त लागते, म्हणून चावते ती मादीच; आणि तीही मुख्यतः सायंकाळी व रात्री.

डास पाण्यात अंडी घालतो, वाळूमाशी ओलसर मातीत. कुजलेला पालापाचोळा, शेण, गोठ्यातील दमट जमीन, मातीच्या भिंतींतील भेगा आणि पोपडे येथे तिच्या अळ्या वाढतात. अंड्यापासून पूर्ण माशी होण्यास महिनाभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. पहिल्या पावसाने माती ओलावते आणि हवा दमट व उबदार होते, तेव्हा त्यांची संख्या वाढते. रोगाच्या साथी जून ते ऑगस्टमध्येच का येतात, याचा उलगडा यावरून होतो. गोठा घराला लागून असेल आणि भिंती कच्च्या असतील, तेथे धोका अधिक. शहरे यातून आपोआप सुटतात असे मात्र नाही. सदर बाजारासारख्या जुन्या पेठांत घरे एकमेकांना चिकटून असतात. अशा कोणत्याही पेठेत जुन्या भिंतींच्या फटी, मागील बोळातील कचरा आणि अंधारी दमट कोठारे असतील, तर वाळूमाशीला हवा तो आसरा तेथे मिळू शकतो.

महाराष्ट्रात पकडलेल्या वाळूमाश्यांतून हा विषाणू १९७० च्या सुमारासच वेगळा करण्यात आला होता. २००३ च्या साथीनंतर तेलंगणातील करीमनगर जिल्ह्यात सर्जेंटोमिया या जातीच्या वाळूमाश्यांतही तो आढळला. येथे संशोधकांपुढे एक कोडे उभे राहिले. सर्जेंटोमिया मुख्यतः पाली-सरड्यांचे रक्त शोषते. मग माणसापर्यंत विषाणू नेण्यात तिचा वाटा किती, आणि माणसाला चावणाऱ्या फ्लेबोटोमस जातीचा किती? दोन साथींच्या मधल्या काळात विषाणू कोठे दडून राहतो, हाही प्रश्न आहे. प्रयोगशाळेत असे दिसले आहे, की संसर्ग झालेली वाळूमाशी आपल्या अंड्यांवाटे विषाणू पुढच्या पिढीला देऊ शकते, आणि नराकडून मादीकडेही तो जाऊ शकतो. तसे निसर्गातही घडत असेल, तर माणसाच्या किंवा जनावराच्या साहाय्यावाचूनही विषाणू कित्येक पिढ्या तग धरू शकेल. पश्चिम आफ्रिकेतही वाळूमाश्या आणि काटेरी साळूसारख्या लहान प्राण्यांत हा विषाणू मिळाला आहे. तो केवळ भारताचा रहिवासी नाही.

मुलेच का?

या रोगाचे बहुतेक सर्व बळी पंधरा वर्षांखालील असतात. ज्या गावात मूल दगावते, तेथील प्रौढ बहुधा सुखरूप राहतात. या प्रदेशांतील पुष्कळ प्रौढांच्या रक्तात विषाणूचे प्रतिपिंड आढळतात, म्हणजे त्यांना कधीतरी संसर्ग होऊन गेलेला असतो आणि ते सुरक्षित झालेले असतात. उंदरांवरील प्रयोगांनी आणखी एक सूचक गोष्ट दाखविली. त्वचेखाली विषाणू टोचल्यास उंदराचे कोवळे पिल्लू मरते, मोठा उंदीर मात्र बचावतो. त्याच मोठ्या उंदराच्या थेट मेंदूत विषाणू टोचल्यास तोही मरतो. शरीरातून मेंदूकडे जाणाऱ्या विषाणूला अडविण्याची शक्ती वयाबरोबर येते, असा याचा अर्थ दिसतो. १९६५ सालच्या संशोधकांना प्रतिपिंडे सर्वत्र मिळाली आणि विषाणू निरुपद्रवी भासला, त्याचेही रहस्य येथे असावे. ज्यांचे रक्त त्यांनी तपासले, ती संसर्गातून बचावलेली माणसे होती. जी मुले दगावली, त्यांचे रक्त कोणापर्यंत पोहोचलेच नव्हते.

निदान आणि उपचार

या रोगात वेळ हाच मोठा शत्रू आहे. रक्तात प्रतिपिंड दिसू लागण्यास काही दिवस लागतात. तोपर्यंत मूल कदाचित या जगात नसते. म्हणून केवळ प्रतिपिंडांवर विसंबणारी तपासणी येथे अपुरी पडते. पुण्याच्या संस्थेने विषाणूच्या आर.एन.ए.चा अल्पसा अंशही पकडणारी चाचणी विकसित केली आहे. या पद्धतीने पहिल्या काही तासांत घेतलेल्या नमुन्यातही रोग ओळखता येतो.

विषाणूवर अचूक मारा करणारे सिद्ध औषध अद्याप नाही आणि लसही वापरात आलेली नाही. पुण्यात निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून लस बनविण्याचे प्रयोग झाले असून प्राण्यांत त्यांचे परिणाम आशादायक दिसले. इन्फ्लुएन्झासाठी तयार झालेल्या फॅविपिराविर या औषधाचीही पेशींवर आणि उंदरांवर चाचणी घेण्यात आली आहे. तथापि उंदरापासून माणसापर्यंतचा मार्ग लांबचा असतो. तूर्त वैद्यांच्या हाती आहेत ते आधाराचे उपाय : ताप उतरविणे, झटके थांबविणे, मेंदूची सूज कमी करणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे. हे उपाय साधे वाटले, तरी वेळेवर मिळाल्यास मुलाचे प्राण वाचू शकतात.

पावसाळ्यात येणारा प्रत्येक ताप काही या रोगाचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. छत्तीसगढच्या वनप्रदेशात हिवताप अजून आहे, आणि त्याचा एक प्रकार मेंदूवर हल्ला करून अशीच लक्षणे निर्माण करतो. त्यावर प्रभावी औषध उपलब्ध आहे. म्हणून तापाबरोबर झटके किंवा भ्रम दिसल्यास हिवतापाची तपासणी त्वरित होणे अगत्याचे आहे. तापलेल्या मुलाला वारंवार उलट्या होत असतील, झटका आला असेल किंवा ते ओळख देत नसेल, तर घरगुती उपायांत एक रात्रही न दवडता त्यास रुग्णालयात न्यावे.

प्रतिबंध

वाळूमाशीपुढे माणूस हतबल नाही, याचा एक दाखला इतिहासात आहे. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी भिंतींवर डी.डी.टी. फवारण्यात आली. ती डासांसाठी होती. पण भिंतींच्या फटींत राहणाऱ्या वाळूमाश्याही तिने मेल्या. बिहारमध्ये वाळूमाशीमुळेच पसरणारा काळा आजार त्यानंतर जवळजवळ दिसेनासा झाला. फवारणी थांबली आणि १९७० नंतरच्या दशकात तो मोठ्या साथीच्या रूपाने परतला. पुन्हा दीर्घकाळ नेटाने प्रयत्न झाले, तेव्हा २०२३ साली त्या रोगाचे प्रमाण सर्व बाधित तालुक्यांत दर दहा हजारांस एकाहून खाली आले.

चांदीपुरा विषाणूविरुद्धचे उपायही याच धर्तीचे आहेत. भिंतींच्या भेगा लिंपून किंवा गिलावा करून बुजवाव्यात. शेण आणि कचरा घरापासून दूर टाकावा आणि गोठ्याची जमीन कोरडी ठेवावी. वाळूमाशी उंच उडत नसल्याने भिंतींच्या खालच्या भागावरील फवारणी विशेष उपयोगी पडते. २०२४ साली गुजरातमध्ये बाधित गावांतील घरांच्या भिंतींवर आणि फटींत मॅलेथिऑनची भुकटी मारण्यात आली. मुलांना जमिनीवर उघडे निजवू नये. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ही माशी आत शिरू शकते. म्हणून बारीक विणीची किंवा कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी वापरावी.

नोंदीचे मोल

१९८० साली रायपूरच्या रुग्णातील विषाणूचा उलगडा पुण्याच्या साहाय्याने झाला. आज रायपूरमध्येच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय येथे विषाणूंच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. साधनांची ही वाढ मोठी आहे. परंतु चांदीपुरा विषाणूच्या कथेत उणीव केवळ साधनांची नव्हती. १९६५ मध्ये विषाणू सापडला, त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याचा वाहक सापडला आणि १९८० मध्ये मेंदूच्या विकाराशी त्याचा संबंधही दिसला. रोगाचे तीन दुवे अशा रीतीने हाती आले होते. ते एकत्र जोडून, पावसाळ्यात मेंदूच्या विकाराने दगावणाऱ्या प्रत्येक मुलात या विषाणूचा शोध घेण्याची व्यवस्था मात्र २००३ पर्यंत झाली नाही.

ताप आलेले मूल गावातून रुग्णालयात पोहोचते, तेथे त्याच्या रक्ताचा थोडासा नमुना पहिल्याच दिवशी घेतला जातो, तो थंड ठेवून प्रयोगशाळेत पाठविला जातो आणि निष्कर्ष त्या गावाच्या आरोग्यसेवकापर्यंत परत येतो. या साखळीतील एकही कडी तुटली, तर शेजारच्या घरातील मूल वाचविण्याची संधी जाते. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडेल, तेव्हा ही साखळी प्रत्येक जिल्ह्यात सज्ज असणे, हेच या अर्धशतकाहून अधिक काळाच्या संशोधनाचे मागणे आहे.